रूबीच्या औषधाची किल्ली

फौजेतली माझी शेवटची पाच वर्षं जम्मूच्या पुढच्या डोंगरांत, एका रस्त्यावर गेली. रोज सकाळी त्या रस्त्यावरून कॉन्व्हॉय जायचा आणि त्याआधी आम्ही जायचो. आम्ही म्हणजे पुढे रूबी, तिच्या पट्ट्याचं दुसरं टोक धरून मी, आणि आमच्यामागे रोड ओपनिंग पार्टीचे जवान. रूबी काळी लॅब्राडोर कुत्री. रस्त्यात पुरलेली बारूद हुंगून काढणं हे तिचं काम. मी तिचा हॅण्डलर, हवालदार भापकर.

गावी मला मेजर म्हणतात. आमच्या पारनेर तालुक्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर असतो, शिपाई असो की सुभेदार. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो. पुढे ऐकायला बरं वाटू लागलं आणि मी सोडून दिलं.

डॉग युनिटमध्ये पहिला धडा एकच. एक कुत्रा, एक हॅण्डलर. पहाटे पाचला केनेल उघडायचं ते हॅण्डलरने, ब्रश फिरवायचा, कान-दात-पंजे बघायचे, खायला घालायचं, औषध द्यायचं, सगळं त्यानेच. दुसऱ्या कुणी बिस्किटाचा तुकडाही पुढे करायचा नाही. याला कारण आहे. कुणाच्याही हातचं खाणाऱ्या कुत्र्याला कुणीही विष घालू शकतं. एकदा मला ताप भरला आणि तीन दिवस मेडिकल रूममध्ये पडून राहावं लागलं. त्या तीन दिवसांत रूबीने दुसऱ्या हॅण्डलरने ठेवलेल्या थाळीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी मी लटपटत गेलो तेव्हा तिने उभ्या उभ्या दोन थाळ्या संपवल्या. हा किस्सा मी आयुष्यात किती वेळा सांगितला असेल त्याला हिशेब नाही.

एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ती रस्त्याखालच्या एका मोरीपाशी बसली. बारूदचा वास आला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गुपचूप बसायचं, असं तिला शिकवलेलं होतं. मी हात वर केला. पार्टी जागच्या जागी थांबली. मागे रेडिओ ऑपरेटर बोलू लागला.

"डॉग बैठ गया. ओव्हर."

"कन्फर्म करो. ओव्हर."

"हॅण्डलर बोल रहा है, पक्का है. ओव्हर."

"कॉन्व्हॉय रोक दिया. पीछे हटो. आउट."

मोरीच्या तोंडाशी प्रेशर कुकर निघाला, बारूदने काठोकाठ भरलेला. संध्याकाळी कंपनी कमांडर साहेब स्वतः केनेलवर आले. रूबीच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला. "तुम्हारी परमिशन के बिना नहीं, भापकर," ते हसून म्हणाले. माझी छाती तेव्हा जी फुगली ती घरी येऊनही खाली बसली नाही. खरं तर सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला.

रूबी आठ वर्षांची झाली तेव्हा तिची सेवा संपली. त्याच वर्षी माझीही. निवृत्त कुत्रं हॅण्डलरला घरी नेता येतं. मी अर्ज केला, सह्या झाल्या आणि आम्ही दोघं रेल्वेने नगरला उतरलो. गावात शेजारच्या बाळूने पिकअपला फुलांची माळ बांधून ठेवली होती. माळ माझ्यासाठी की रूबीसाठी असं मी विचारलं, तर म्हणाला, "मेजर, जो आधी उतरल त्याची." रूबी आधी उतरली.

घरी मी आणि माझी बायको सुमन. मुलगी लग्न होऊन गेलेली. पहिल्याच दिवशी मी सुमनला ऑर्डर दिली, रूबीला तू खायला घालायचं नाही. ती म्हणाली, "आवो, आता कुठली लढाई हाय? घरात आलीया ती." मी तिला तीन दिवसांच्या उपासाचा किस्सा सांगितला. तिने तो आधीही ऐकलेला होता.

दोन वर्षं छान गेली. मग एका सकाळी रूबी अंगणात उभ्याची आडवी झाली. चारही पाय काठीसारखे ताठ, तोंडाला फेस, डोळे उघडे पण बघत नाहीत. मी गोळीबारात घाबरलो नाही इतका त्या दीड मिनिटात घाबरलो. बाळू धावत आला आणि "कांदा हुंगवा, मेजर, कांदा," म्हणत राहिला. कांदा आणेपर्यंत फिट थांबली होती.

नगरला सावेडीत जनावरांच्या डॉक्टर आहेत, चाळिशीच्या बाई, बोलायला कडक. मी त्यांना मॅडम म्हणतो. त्यांनी तपासण्या केल्या, रोजच्या गोळ्या सुरू केल्या, आणि शिवाय एक छोटी निळ्या टोपणाची बाटली दिली. नाकात मारायचा स्प्रे. मॅडमनी सुमनला आणि मला समोर बसवून समजावलं. फिट आली की पहिल्यांदा घड्याळ बघायचं. तोंडात हात घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, आजूबाजूच्या लागतील अशा वस्तू बाजूला करायच्या. बऱ्याच फिट दोन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. तीन मिनिटं झाली आणि थांबली नाही, तर हा स्प्रे, ठरवून दिला तेवढाच, दोन्ही नाकपुड्यांत. मग लगेच मला फोन.

"फिट लांबली की अंग तापतं," मॅडम म्हणाल्या. "मेंदूवर जातं. त्या वेळी एकेक मिनिट महागात पडतं. तुमच्या गावाहून मी तासाभरावर आहे. म्हणून हे औषध घरात. फ्रिजवर, डोळ्यांसमोर ठेवा. कुलपात नको. आणि घरातल्या प्रत्येकाला देता आलं पाहिजे. कळलं?"

"यस मॅडम," मी म्हणालो.

घरी आलो आणि स्प्रे माझ्या काळ्या पेटीत ठेवला. फौजेत प्रत्येकाकडे असते ती लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. कडी लावली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. चोवीस वर्षांची सवय. गुंगीचं औषध उघड्यावर सापडलं तर युनिटमध्ये चौकशी बसते. पेटीत एक वहीही ठेवली. तारीख, फिट सुरू, फिट बंद, औषध, कोणी दिलं, शेरा, अशी रकानेवार आखलेली. दुसरी किल्ली होती. तीही मी पेटीतच ठेवली. हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही.

सुमन म्हणाली, "मला एकदा करून दावा ना, कसं मारायचं त्ये."

"ते हॅण्डलरचं काम आहे," मी म्हणालो. "तुझे हात थरथरतील."

त्यानंतर वर्षभरात दोनदा स्प्रे वापरावा लागला. दोन्ही वेळा मी घरात होतो. तीन मिनिटं मोजली, किल्ली काढली, पेटी उघडली, औषध दिलं, फिट थांबली. वहीत लिहिलं. दोन्ही वेळा सुमन दाराच्या चौकटीला धरून बघत होती. दोन्ही वेळा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग शेवगावच्या एका शाळेचं बोलावणं आलं. माजी सैनिकाचं भाषण, विषय शिस्त. मी ब्लेझर चढवला, मेडल लावली. सकाळी सातला निघताना सुमन म्हणाली, "किल्ली ठिवून जा."

"संध्याकाळच्या आत येतो. गोळी दिलीय. काय होत नाही."

"तरीपन ठिवा की."

मी बुटाची नाडी बांधत होतो. ती बांधून झाली आणि निघालो.

कार्यक्रम अकराला होता, सुरू व्हायला साडेअकरा झाले. मोबाईल सायलेंटवर टाकला. मी बोललो. मोरीचा प्रसंग सांगितला. मग तीन दिवसांच्या उपासाचा. "माझ्याशिवाय ती कुणाच्या हातचं खात नाही, आजही," असं म्हणालो तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. बारा वाजून आठ मिनिटांनी खाली बसलो आणि मोबाईल बघितला. सुमनचे नऊ मिस्ड कॉल. पहिला अकरा अडतीसचा.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"बोल."

"फिट आलीया. अकरा पस्तीसला. थांबंना." तिला धाप लागली होती. "किल्ली कुठंय?"

किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती. मी तिच्यावर हात ठेवून उभा होतो.

"माझ्याकडं," मी म्हणालो.

"वाटलंच मला. दगडानं कुलूप तुटंना. आता पहारीनं कडी तोडतीय. गोठ्यातनं आनली. अर्धी निघलीया."

"तोड."

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. सात वेळा. मग पेटीचं झाकण.

"सुमन, निळ्या टोपणाची. टोपण काढ, डोकं एका बाजूला..."

"म्हाईत हाय मला."

मी फोन कानाला दाबून धरला.

"दिलं. दोन्ही नाकपुड्यांत. बारा तेरा," ती म्हणाली. वेळ मी विचारली नव्हती. तिचा हात थरथरला की नाही ते मला माहीत नाही. औषध बरोबर गेलं होतं, कारण दोन मिनिटांत फिट थांबली. अकरा पस्तीस ते बारा पंधरा. चाळीस मिनिटं.

तिने रूबीवर ओली चादर टाकली, मॅडमना फोन केला, बाळूला हाक मारली. बाळूच्या पिकअपमध्ये मागे बसून ती रूबीला सावेडीला घेऊन गेली. मला शाळेतल्या एका शिक्षकांनी त्यांच्या गाडीतून नगरला सोडलं. मी दोन वाजता पोचलो. छातीवर मेडल तशीच होती.

रूबी टेबलावर आडवी होती. सलाईन लावलेलं. डोकं सुमनच्या हातावर. मी "रूबी" म्हणालो. इतकी वर्षं या हाकेला तिचा कान हलला नाही असं कधी झालं नव्हतं. कान हलला नाही. मॅडम म्हणाल्या, ताप फार चढला होता, मेंदूला सूज आहे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी रूबी गेली.

मॅडमनी हात धुतले आणि विचारलं, "घरात स्प्रे होता ना? मग चाळीस मिनिटं कशी गेली?"

मी तोंड उघडलं. सुमनने माझ्याकडे बघितलं, मेडलकडे बघितलं आणि माझ्याआधी बोलली.

"सापडंना मला, मॅडम. ऐन टायमाला गवसलंच न्हाई."

मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, "काकू, म्हणून तर डोळ्यांसमोर ठेवा म्हटलं होतं." सुमनने मान खाली घालून ऐकून घेतलं. बाळू दारात उभा होता, त्यानेही ऐकलं. मी सावधानमध्ये उभ्यासारखा उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. फौजेत मी काही पळपुटे बघितले आहेत. त्यांना पाठीमागून आम्ही काय काय म्हणायचो ते मला त्या वेळी सगळं आठवलं.

त्याच संध्याकाळी तिला आमच्या बांधावर पुरलं. खड्डा मी खणला. माती लोटण्याआधी सुमन घरात जाऊन आली आणि पदराआडून काहीतरी काढून तिच्या तोंडाजवळ ठेवलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"भाकर हाय तिची. तुमी भाईर गेल्यावर चतकोर देत हुते. अकरा वाजले की दारात येऊन बसायची."

"कधीपासून?"

"आली तवापास्नं."

"मला बोलली नाहीस."

"तुमाला त्ये तीन दिवसाचं सांगायला लई आवडायचं," ती म्हणाली आणि माती लोटायला खाली वाकली.

त्याच सकाळी शेवगावला वाजलेल्या टाळ्या मला पुन्हा ऐकू आल्या.

इथे मी खरं बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी बोललो नाही. आमच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी रूबीचा फोटो टाकला, खाली साठ जणांचे सॅल्यूट. मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. गावात गोष्ट बाळूच्या तोंडून पसरली, तीही त्याच्या परीने सरळ. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर एक जण म्हणाला, "मेजर घरी असते तर वाचली असती. बाईमाणसाला काय सुधरतंय अशा टायमाला." मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला नाही. बचत गटाच्या बायकाही सुमनला तेच विचारत असणार, कारण दोन महिने तिने गटाच्या बैठकीला जायचं टाळलं. का जात नाहीस, असं मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं.

या सगळ्यात ती मला टाकून एकदाही बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग एका दुपारी फोन आला. सावेडीतल्या एका शिक्षिका. त्यांच्या कुत्र्याला फिटचा त्रास सुरू झाला होता आणि मॅडमनी माझा नंबर दिला होता. "मेजर साहेब, तुम्ही फार शिस्तीने वही ठेवायचात म्हणे," त्या म्हणाल्या. मी वहीचे रकाने सांगितले. त्या लिहून घेत होत्या. सुमन समोर ओट्यावर बाजरी निवडत बसली होती.

"आणि तो स्प्रे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसना ऐन वेळी सापडला नाही असं कळलं. वाईट वाटलं. म्हणून मी ठरवलंय, कपाटात एकाच जागी, कुलूप लावून. किल्ली माझ्याकडेच. म्हणजे इकडेतिकडे होणारच नाही. बरोबर ना?"

सुमनचे हात सुपात थांबले.

माझ्या खोटेपणाने आता दुसऱ्याच्या घरात कुलूप लावलं होतं. त्या बाई शाळेत जातील, किल्ली पर्समध्ये असेल, आणि घरात कुणीतरी पहार शोधत फिरेल.

"कुलूप काढा," मी म्हणालो. "आत्ता, फोन चालू असताना काढा."

"का हो?"

"माझ्या बायकोला औषध सापडलं नाही हे खोटं आहे. औषध कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. पेटीला मी कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात, शेवगावला. डॉक्टरांनी कुलपात नको म्हणून सांगितलं होतं. बायकोने किल्ली मागितली होती. मी दिली नाही. तिने पहारीने कडी तोडून औषध दिलं आणि बरोबर दिलं. घरात तुमच्याशिवाय कोण असतं?"

"सासूबाई," बाई हळूच म्हणाल्या.

"त्यांना आज शिकवा. रिकामी बाटली हातात देऊन करून घ्या. हात थरथरतील असं म्हणू नका."

फोन ठेवला. कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला होता. सुमन पुन्हा बाजरी निवडू लागली. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "आता सांगून रूबी येतीय व्हय?"

"नाही."

"मग?"

"तुझ्यावरचं जाईल."

"ते जाऊं द्या. न्हाई गेलं तरी मी काय मरत न्हवते," ती म्हणाली. पण त्या आठवड्यात ती गटाच्या बैठकीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर मी बाळूसकट सहा जणांसमोर उभा राहून तेच सांगितलं. बाळू म्हणाला, "जाऊं द्या, मेजर." मी त्याला म्हणालो, हवालदार. मग सावेडीला जाऊन मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, मला ते हवंही होतं. त्या म्हणाल्या, "काकूंची माफी मागितली का?" मी म्हणालो, नाही. त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

माफी मी अजून नीट मागितलेली नाही. एकदा प्रयत्न केला तर सुमन म्हणाली, "भाकरी गार हुतीय." मला शब्द जुळवता येत नाहीत. वही लिहिता येते. तेव्हा पेटीतून वही काढली. पेटीची कडी अजून वाकडी आहे, मी ती दुरुस्त केलेली नाही. शेवटच्या ओळीत रकाने भरले. फिट सुरू अकरा पस्तीस. औषध बारा तेरा. फिट बंद बारा पंधरा. औषध कोणी दिलं, सुमन भापकर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, उशिराचं कारण, किल्ली हॅण्डलरच्या खिशात. खाली सही केली, हुद्द्यासह. वही सुमनला दाखवली. तिने स्वतःच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि वही मिटली.

रूबीच्या जागेवर आता पत्र्याची पाटी आहे. रंगवणाऱ्याने नाव, जात, सेवेची वर्षं लिहिली आणि विचारलं, "मेजर, अजून काय?" त्याला वाटलं मी मोरीचं काहीतरी सांगेन. मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, मला काय विचारता. मग मीच सांगितलं आणि त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पाटीवर शेवटी आहे ते असं.

रूबी. लॅब्राडोर, मादी. सेवा सहा वर्षं. घरी सुमनच्या हातची भाकरी खायची.